हाडवैर रक्तात असते का?



साप आणि मुंगूस यांचे हाडवैर असते, कावळा आणि घुबड जन्मोजन्मीचे शत्रू असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी धुळ्यात पाचवीत शिकत होतो तेव्हा पांझरेच्या पुलाजवळ एक गारुडी येत असे. त्याच्याजवळ टोपलीत नाग असे आणि खुंटीला बांधलेले मुंगूस असे. 'आता यांची लढाई होणार,' असे तो दर पाच मिनिटांनी जाहीर करी, मध्येच डमरू वाजवी आणि ताईत विकी. एका रविवारी मी निश्चयाने सबंध दुपार तेथे उभा राहिलो. लढाई झालीच नाही. मुंगूस डोळे मिटून उन्हात पडले होते आणि नाग टोपलीतून बाहेर यायलाही तयार नव्हता. गारुड्याचे ताईत मात्र पुष्कळ खपले. (असे खेळ करणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.)

ही जुनी गोष्ट आठवण्याचे कारण असे. माझ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात अलीकडे काही नवीन हाडवैरे ऐकू येऊ लागली आहेत. इंग्रजी अद्भुतकथा, त्यांवरचे चित्रपट आणि संगणकावरचे खेळ यांतून एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क अशा काल्पनिक जमाती त्यांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. या जमातींमध्ये हजारो वर्षांचे वैर असते. ते का असते, हे कोणी फारसे विचारत नाही. एके दिवशी प्रयोगशाळेत दोन मुलांचे याच विषयावर बोलणे चालले होते. त्यांतील एक जण म्हणाला, "अरे, ऑर्क जन्मतःच दुष्ट असतो. त्याला कितीही मारले तरी चालते."

वाक्य खेळातले होते. तरीही ते माझ्या मनातून जाईना. 'जन्मतःच दुष्ट असतो' हे त्या वाक्याचे पहिले अर्धे एक विधान आहे, आणि विधान म्हटले की ते तपासून पाहिले पाहिजे. 'त्याला कितीही मारले तरी चालते' हे दुसरे अर्धे म्हणजे त्या विधानातून काढलेला निष्कर्ष. विधान न तपासता निष्कर्ष काढला तर काय होते, हे आपल्या देशाने खेळात नव्हे, प्रत्यक्षात पाहिले आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

अंगभूत की संपादित?

पदार्थाचे काही गुणधर्म अंगभूत असतात, काही संपादित असतात. लोखंडी खिळ्याला वस्तुमान आहे. तो जळगावात ठेवा, चंद्रावर न्या, तापवा किंवा ठोका, त्याचे वस्तुमान कायम राहते. पण तोच खिळा चुंबकावर एकाच दिशेने वीस वेळा घासला तर तो टाचण्या उचलू लागतो. हे चुंबकत्व त्याला मिळालेले आहे. हातोडीने ठोकले, किंवा लालभडक होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले, की ते निघून जाते.

आता प्रश्न असा, की वैर हे वस्तुमानासारखे आहे की खिळ्याच्या चुंबकत्वासारखे? ते अंगभूत असेल तर एकटे वाढवलेल्या पिल्लातही दिसले पाहिजे, आणि परिस्थिती बदलली तरी ते बदलता कामा नये. ही कसोटी हाती घेऊन आपण काही उदाहरणे पाहू.

प्रथम मुंगूस घेऊ. मुंगूस किडे, बेडूक, सरडे, उंदीर, अंडी आणि फळेसुद्धा खाते. साप हा त्याच्या ताटातील अनेक पदार्थांपैकी एक पदार्थ आहे. नागाच्या विषातील एक घटक आपल्या स्नायूंवरील विशिष्ट रेणूंना जाऊन चिकटतो, त्यामुळे स्नायूंना मेंदूचा निरोप पोचत नाही आणि श्वास थांबतो. मुंगसाच्या शरीरातील त्या रेणूंची घडण किंचित निराळी आहे. कुलूप बदलले की जुनी किल्ली लागत नाही, तसे हे विष तेथे नीट बसत नाही. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये ही घडण उलगडून दाखवली. यावरून लक्षात येईल की मुंगसाला रक्तातून लाभले आहे ते संरक्षण. त्याला सापाच्या आजोबांचा अपराध माहीत नाही. ते भुकेले असेल तर साप मारते आणि पोट भरले असेल तर उन्हात झोपते. याला आपण वैर म्हणतो ते केवळ आपल्याला गोष्टी आवडतात म्हणून.

मांजर आणि उंदीर यांचे काय? झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांजरीच्या पिल्लांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर मारणाऱ्या मांजरींच्या सहवासात वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. एकटी वाढवलेली पिल्ले २० होती, त्यांपैकी ९ जणांनी मारले. उंदरांच्याच सोबत वाढवलेल्या १८ पिल्लांपैकी फक्त ३ जणांनी मारले, आणि आपल्या सोबत वाढलेल्या उंदरांना तर त्यांतील एकानेही हात लावला नाही. हे आकडे नीट पाहा. एकट्या पिल्लांपैकी ९ जणांनी उंदीर मारले, म्हणजे जन्मजात असे काहीच नसते, असे म्हणता येणार नाही. शिकारीची काही प्रवृत्ती त्यांच्यात आहेच. परंतु १८, ९ आणि ३ यांतील फरक जन्माचा नाही, संगतीचा आहे. मांजर आणि उंदीर यांची ही कथा असेल, तर माणूस आणि माणूस यांच्याबद्दल बोलताना आपण किती जपून बोलले पाहिजे!

बाटलीशी वैर

याहूनही विलक्षण प्रयोग एबरहार्ड कुरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत केला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसा एखादे घुबड दिसले की लहान पक्षी कलकलाट करीत त्याच्यावर धावून जातात, हे तुम्ही पाहिले असेल. आपल्याकडे पिंगळ्याच्या मागे बुलबुल आणि साळुंक्या लागतात तसेच. कुरिओंनी आपल्या कस्तुर पक्ष्याच्या कुळातील ब्लॅकबर्ड नावाचे पक्षी घेतले. दोन पिंजऱ्यांच्या मध्ये त्यांनी कप्प्यांची एक पेटी अशा रीतीने ठेवली, की एका पक्ष्याला घुबड दिसावे आणि त्याच वेळी दुसऱ्याला एक निरुपद्रवी ऑस्ट्रेलियन पक्षी दिसावा. पहिला पक्षी घुबडाला पाहून ओरडू लागला. दुसऱ्याला घुबड दिसतच नव्हते. त्याला वाटले, आपला भाऊबंद या परक्या पक्ष्यावरच ओरडतो आहे. तोही ओरडू लागला. पुढे घुबड नसतानाही तो त्या निरुपद्रवी पक्ष्यावर धावून जाऊ लागला. मग त्याच्याकडून तिसरा शिकला, तिसऱ्याकडून चौथा, असे होता होता ते वैर सहाव्या पक्ष्यापर्यंत जसेच्या तसे पोचले. आणखी गंमत अशी, की परक्या पक्ष्याच्या जागी प्लॅस्टिकची रंगीत बाटली ठेवली तेव्हा बाटलीशीही वैर धरायला हे पक्षी शिकले.

सहाव्या पक्ष्याला बोलता आले असते तर त्याने काय सांगितले असते? "आमचे आणि बाटल्यांचे वैर फार प्राचीन आहे. माझे वाडवडील बाटल्यांशी लढत आले."

मला या प्रयोगात आमच्या प्रयोगशाळेतील एक नित्याचा अनुभव दिसतो. परीक्षा जवळ आली की काही विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहीतील वाचने उतरवून काढतात. पहिल्याचे वाचन बरोबर असेल तर साऱ्यांचे बरोबर. पहिल्याने व्हर्निअर कॅलिपर वाचताना चूक केली असेल, तर दहा वह्यांमध्ये तीच चूक असते आणि दहाही जण शपथेवर सांगतात की आम्ही स्वतः मोजले. पिढीजात वैर हे असेच उतरवून घेतलेले वाचन असते.

तथापि पक्ष्यांना दोष देण्याचे कारण नाही. घुबडाचा पंजा स्वतः अनुभवून शिकायचे म्हटले तर शिकणारा जिवंत राहणार नाही. दुसऱ्याचे पाहून शिकणे ही निसर्गाने केलेली मोठीच सोय आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करीत. ज्यांना कधीही पकडले नव्हते असे कावळेसुद्धा त्यात सामील होत. त्या कावळ्यांच्या दृष्टीने हा शहाणपणाच होता. फक्त मुखवट्याच्या आड दरवेळी तोच माणूस असतो का, हे तपासण्याची सोय त्यांच्याजवळ नाही. आपल्याजवळ ती आहे. माणूस विचारू शकतो: हे वाचन प्रथम कोणी घेतले?

ठिपके मोजणारी मुले

माणसांमध्ये 'आपले' आणि 'परके' व्हायला किती कारण पुरते? हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १४-१५ वर्षांच्या ६४ मुलांवर याविषयी प्रयोग केला व त्याची हकीकत १९७० मध्ये प्रसिद्ध केली. ही मुले म्हणजे तुमच्याच वयाची आणि सगळी एकाच शाळेतील. पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून ते किती आहेत याचा अंदाज करण्यास त्यांना सांगितले. नंतर 'तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटातला', 'तू कमी सांगणाऱ्यांच्या गटातला' असे प्रत्येकाला कळवले. वास्तविक ही वाटणी केवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. त्यानंतर इतर मुलांना थोडे थोडे पैसे वाटून देण्याचे काम त्यांना दिले. स्वतःला काहीही मिळणार नव्हते, कोणाला देतो आहोत त्याचे नावही माहीत नव्हते. तरीही बहुतेकांनी आपल्या गटाला जास्त दिले. दुसऱ्या गटापेक्षा आपण पुढे राहावे म्हणून आपल्या गटाला मिळू शकणारे जास्तीचे पैसे सोडून देण्याचीही अनेकांची तयारी होती.

मला यात आश्चर्य वाटले नाही. आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिकांसाठी हजेरी क्रमांकाप्रमाणे 'अ' आणि 'ब' अशा तुकड्या पाडतात. महिनाभरात 'ब' तुकडीतील मुले सांगू लागतात, की चांगले गॅल्व्हानोमीटर नेहमी 'अ' वाले पळवतात, ते आहेतच तसे. ही दोन 'घराणी' मी जून महिन्यात हजेरीपटावर एक रेघ ओढून निर्माण केलेली असतात!

जुन्या कथाकारांचे शहाणपण

आता आपल्या जुन्या कथांकडे वळू. कावळा आणि घुबड यांच्या वैरावर पंचतंत्राचे सबंध तिसरे तंत्र रचले आहे, त्याचे नावच 'काकोलूकीय'. पण तेथे कथाकाराने वैराचे कारण आधी सांगितले आहे. सर्व पक्षी मिळून घुबडाला राजा करण्याच्या बेतात होते, तेवढ्यात एक कावळा आला, त्याने घुबडाच्या रूपाची व स्वभावाची निंदा केली आणि अभिषेक मोडला. त्या अपमानातून वैर सुरू झाले.

महाभारताच्या आदिपर्वात गरुड आणि नाग यांचे वैर येते. त्याचे मूळ कशात आहे? कद्रू आणि विनता या दोन सख्ख्या बहिणी. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीचा रंग पांढरा की काळा, यावर त्यांनी पैज लावली आणि कद्रूने आपल्या नागपुत्रांकरवी लबाडी करून ती जिंकली. विनता दासी झाली. तिचा मुलगा गरुड, कद्रूची मुले नाग. म्हणजे हे थोर प्राचीन वैर दोन मावसभावांच्या घरातले, आणि तेही एका शेपटीवरून! त्याच पर्वात जनमेजयाचे सर्पसत्र आहे. तक्षकाने परीक्षिताचा प्राण घेतला म्हणून त्याच्या मुलाने सगळी नागजातच जाळायला काढली. अपराध एकाचा आणि शिक्षा जातीला. हे सत्र थांबवले कोणी? आस्तिक नावाच्या मुलाने. त्याचा पिता ऋषी होता आणि आई वासुकी नागाची बहीण. तो दोन्हीकडचा होता, म्हणूनच ते त्याला जमले.

आपल्याकडे साप दिसला की 'आस्तिक, आस्तिक' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. या नावाने साप थांबत नाही, आणि साप चावला तर विनाविलंब रुग्णालयच गाठले पाहिजे. परंतु त्या नावाची आठवण ठेवण्याला दुसरे एक कारण आहे, ते मी वर सांगितले.

यावरून माझे मत असे झाले आहे, की जुने कथाकार आपल्यापेक्षा सावध होते. त्यांना वैर हवे होते, कारण वैराशिवाय कथा रंगत नाही. पण ते वैर कोठून आले याचा हिशेब त्यांनी दिला. आजच्या पुष्कळ अद्भुतकथा आणि खेळ हा हिशेब देत नाहीत. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कथांपासून या जमाती लोकप्रिय झाल्या. त्यांच्या कथेतही एल्फ असलेला लेगोलस आणि ड्वॉर्फ असलेला गिमली हे जुने भांडण विसरून जिवलग मित्र होतात. एका जर्मन प्रकाशकाने १९३८ मध्ये टॉल्किन यांना 'आपण आर्य वंशाचे आहात ना?' असे विचारले, तेव्हा ते संतापले होते. 'आर्य' हा शब्द ज्या भाषाकुळाकडे निर्देश करतो ते त्यांना भाषांचे प्राध्यापक या नात्याने ठाऊक होते. आणि तरीही ऑर्क मात्र त्यांच्या कथेत जवळजवळ जन्मतःच दुष्ट राहिले. नंतरच्या नकलांनी मैत्री सोडून दिली आणि ऑर्क तेवढे उचलले.

जन्मतः गुन्हेगार

आता मी आरंभी म्हटलेल्या गोष्टीकडे येतो. 'एखादी जमात जन्मतःच दुष्ट असते' हे वाक्य आपल्या देशात कथेत नव्हे, कायद्यात लिहिले गेले होते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. काही जमातींमध्ये जन्म घेणे हाच जणू गुन्हा ठरला. काहीही अपराध केलेला नसताना त्यांच्या नावांची नोंद होई, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आणि इतर कित्येक जमातींनी तो भोगला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो रद्द झाला आणि हे लोक 'विमुक्त' झाले. कागद फाटला, पण लोकांच्या मनातील वाचन तसेच राहिले. ते किती छळते हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनात वाचावयास मिळते. शिक्षकांनी ते वरच्या वर्गांना जरूर सुचवावे.

खानदेशातील भिल्लांचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 'भिल्ल म्हणजे लुटारू' असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनेक इंग्रज अधिकारी म्हणत. पण मराठी राज्यात गावोगावी जागल्याचे, म्हणजे राखणीचे काम भिल्लांकडेच असे आणि त्याबद्दल त्यांना हक्काचा वाटा मिळे. ज्यांच्यावर गाव राखणीसाठी विसंबून असे, ते जन्माचे लुटारू कसे? मग १८०२ च्या सुमारास होळकर-पेशवे संघर्षाची धामधूम झाली, पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला, गावे उजाड झाली, हक्क बुडाले. राखणदार डोंगरात गेले आणि तेथून लूटमार होऊ लागली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. त्यांनी आधी फौजा पाठवल्या, पण त्याने प्रश्न सुटेना. तेव्हा १८२५ पासून जमिनी, तगाई आणि काम देण्याचे धोरण सुरू झाले. जेम्स आउट्रम यांनी धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी केली. यामागे सरकारचा स्वार्थ होता, त्याला परोपकार समजण्याचे कारण नाही. आपल्याला त्यातून एवढेच पाहावयाचे आहे, की माणसे तीच, सातपुडा तोच, रक्त तेच. अन्न आणि हक्क गेले तेव्हा 'स्वभाव' बदलला आणि काही अंशी परत मिळाले तेव्हा पुन्हा बदलला. आपल्या कसोटीप्रमाणे असा गुणधर्म अंगभूत म्हणता येत नाही.

रक्ताचेच म्हणाल तर रक्तपेढीतील पिशवीवर ए, बी, एबी, ओ आणि आरएच एवढेच लिहिलेले असते. जात लिहिलेली नसते, कारण ती रक्तात सापडत नाही. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की मानवांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका समूहाच्या आतच असते. समूहासमूहांतील फरक त्या मानाने फार थोडा. २०१३ मध्ये हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतीय उपखंडातील ७३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे फार मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि तिच्यातून भिल्लांसारखे समूहही वेगळे राहिले नाहीत, असे त्यात आढळले. विवाहांची कुंपणे त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे ज्यांना आपण पिढ्यान्पिढ्यांचे परके समजतो, त्यांचे आणि आपले काही पूर्वज एकच होते. सारेच कद्रू-विनतेच्या घरातले!

दोन आक्षेप

काही विद्यार्थी म्हणतील, "सर, कथेतून वैर काढले तर वाचायचे काय?" वैर काढा असे मी म्हणत नाही. या कथा मीही वाचतो आणि त्यांवर बंदी असावी असे मला मुळीच वाटत नाही. वाचताना एवढेच विचारा: हे वैर कोणी, कोणत्या कारणाने सुरू केले? त्यात कोणाचा ताईत खपतो? आणि या जमातीतील एखादे मूल दुसरीकडे वाढले तर ते कसे होईल? ज्या कथेत या प्रश्नांना उत्तर आहे ती चांगली कथा समजावी.

काही शिक्षक म्हणतील, की काकोलूकीयात शत्रूवर विश्वास ठेवू नये असा बोध आहे, तो व्यवहारात उपयोगी नाही काय? जरूर आहे. ज्याने फसवले त्याच्यापासून सावध राहावेच. पण सावधपणा कृत्यावरून ठरतो आणि द्वेष जन्मावरून. सावधपणाला मुदत असते, कारण समोरच्याची वागणूक बदलली की तो कमी करता येतो. जन्म बदलता येत नाही, म्हणून द्वेषाला मुदत नसते. जनमेजयाने एकट्या तक्षकावर खटला भरला असता, तर आस्तिकाला धावत यावे लागले नसते.

हे सर्व सांगताना मी स्वतः त्यातून सुटलो आहे असा आव आणणार नाही. माझ्या आजोळच्या गावी दोन भाऊबंदांची घरे होती आणि एका घरचे दुसऱ्या घरी पाणी पीत नसत. मी दहा वर्षांचा असताना त्या दुसऱ्या घरातील मुलाबरोबर दिवसभर विटीदांडू खेळलो. संध्याकाळी मला मार बसला. 'का?' असे मी विचारले तेव्हा 'ते तसेच आहेत' एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवसापासून मीही त्याच्याकडे पाहीनासा झालो. मोठेपणी मी गावातल्या तिघा वृद्धांना या वैराचे कारण विचारले. एक म्हणाले, बैल पिकात शिरला. दुसरे म्हणाले, विहिरीवरच्या मोटेच्या पाळीवरून झाले. तिसऱ्यांच्या मते लग्नाच्या पंगतीत मानपान चुकला. तीन वाचने आणि तिन्ही निराळी! प्रयोगशाळेत असे झाले तर मी विद्यार्थ्याला प्रयोग पुन्हा करायला सांगतो. येथे मात्र मी पस्तीस वर्षे उतरवलेल्या वाचनावरच काम भागवले. गेल्या वर्षी जळगावच्या एसटी स्थानकावर तो समोर आला. मी म्हणालो, "केव्हा आलास?" तो म्हणाला, "आत्ताच." मग त्याची गाडी लागली. अजून एवढेच बोलणे झाले आहे.

असो. आता तुम्हांला दोन कामे देतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी मेहरूण तलावाकडे, लळिंगच्या कुरणाकडे किंवा आपल्या गावच्या चिंचेखाली जा. पक्षी एखाद्या पिंगळ्यावर किंवा मांजरावर ओरडत असतील तर दूर उभे राहून पाहा. पहिला कोण ओरडला, किती वेळाने किती जण जमले, जमलेल्यांपैकी कितींना ते मांजर खरोखर दिसत होते, याची नोंद करा. कोणत्याही प्राण्याला त्रास देऊ नका. दुसरे काम घरचे आहे. तुमच्या घराचे, गल्लीचे किंवा गावाचे ज्यांच्याशी 'पूर्वापार' पटत नाही, त्याचे कारण तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे विचारा आणि तिन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहा. उत्तरे जुळतात का ते पाहा. न जुळल्यास वाचन पुन्हा घ्यावे, आणि ते स्वतः घ्यावे.